अकराशे नऊ ठराव

६ जानेवारी

प्रिय मामा,

तुला नमस्कार, आणि मामीला वेगळा नमस्कार. तो तिच्यापर्यंत पोचव. मागच्या पत्रातला तू स्वतःकडेच ठेवून घेतलास अशी तिची तक्रार आहे.

बातमी अशी की माझ्या ऑनर्सच्या प्रबंधाचा विषय मंजूर झाला! राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तीस जण आहोत. त्यातल्या सहा जणांना स्वतःचं संशोधन करायची परवानगी मिळते, आणि मे महिन्यात त्या सहांपैकी एकाला विभागाचं पारितोषिक. मामा, मला ते हवंय. उगाच विनयाचा आव आणत नाही. ते हातात असलं तर मोठ्या विद्यापीठात पुढच्या संशोधनाला सरळ प्रवेश मिळतो, नसलं तर पुन्हा रांग, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा आईची व्याख्यानं.

आता विषय ऐक. तुमची नगरपालिका ठराव कसे करते? म्हणजे सभेत मतं फुटतात का, कधी फुटतात, कोणत्या विषयावर फुटतात. त्यासाठी अध्यक्षसाहेबांच्या बारा वर्षांतली सगळी इतिवृत्तं वाचायची. आणि ती कोणाच्या हातची आहेत? गावात अठरा वर्षं सभा-कारकून एकच होता ना!

तुमची जुनी दप्तरं आता इथे जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत, कालपासून तिथे बसतेय. तिथल्या बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल दिलंय आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय द्यायचा नाही अशी ताकीद. तुझं अक्षर बघून त्या म्हणाल्या, "या माणसाने बारा वर्षांत एक खाडाखोड केलेली नाही हो." माझी छाती अशी फुगली की स्वेटरचं बटण तुटायचं बाकी होतं.

सभांबद्दल जे आठवेल ते लिही. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरतोस.

तुझी,
प्रश्नपत्रिका

१४ जानेवारी

प्रिय प्रश्नपत्रिके,

चार वर्षांची असताना तू मला एका जेवणात एकोणतीस प्रश्न विचारले होतेस, तेव्हा हे नाव पडलं. आता त्याला सरकारी मान्यता मिळाली म्हणायची. अभिनंदन. मामीला नमस्कार पोचवला. तिने पोच द्यायला सांगितलं आहे.

विषय वाचला. चांगला आहे. पण मला विचारशील तर जरा कोरडा आहे. नगरपालिकेच्या सभा म्हणजे काय, गटार, दिवाबत्ती, मोकाट कुत्री. त्यापेक्षा गावातल्या रस्त्यांना नावं कशी पडली यावर कर ना. एका रस्त्याला तीन नावं आहेत आणि टपालवाला चौथ्याच नावाने ओळखतो. त्यातही राजकारण आहेच. परीक्षक हसतील, आणि हसलेला परीक्षक गुण देतो.

सभांबद्दल आठवण अशी फार नाही. मी लिहिण्यात असायचो. लिहिणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं.

बागेतल्या टोमॅटोंना यंदा कीड नाही. बाकी क्षेम.

मामा

२९ जानेवारी

प्रिय मामा,

लिहिणाऱ्याला ऐकू कमी येतं? मग तू अठरा वर्षं काय लिहिलंस, टोमॅटो?

मोजणी संपली! बारा वर्षांत अकराशे चाळीस ठराव. त्यातले 'बहुमताने' मंजूर फक्त एकतीस. उरलेले अकराशे नऊ काही ठिकाणी 'सर्वानुमते' आणि काही ठिकाणी 'एकमताने'. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच, तेव्हा दोन्ही मी एकाच रकान्यात टाकले. शंभरातले सत्त्याण्णव ठराव विरोधाशिवाय! आमचे मार्गदर्शक (प्रबंधातला एकही स्वल्पविराम त्यांच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून आम्ही त्यांना स्वल्पविराम सर म्हणतो) आकडा बघून चक्क खुर्चीतून उठले. म्हणाले, भांडखोर नगरपालिकांवर ढीगभर लिहिलं गेलंय, न भांडणाऱ्या नगरपालिकेवर कुणी लिहिलेलं नाही.

मग मी अध्यक्षसाहेबांची मुलाखत घेतली, ते सध्या इथे मुलाकडे राहायला आलेत. ऐंशी वर्षांचे झालेत, काठी टेकतात, पण आवाज अजून सभागृहाचा आहे. म्हणाले, "आमच्याकडे सगळे एका दिलाचे होते. मी कधी कुणावर आवाज चढवला नाही." मला ते फार आवडले. प्रबंधाचं नावही ठरलं, 'एका दिलाची नगरपालिका'. ३१ मार्चला जमा करायचा आहे.

आता तरी कबूल कर की विषय कोरडा नाही. आणि बारीकसारीक आठवणी पाठव. त्यांच्याशिवाय माझा तिसरा प्रकरण अगदी उपाशी आहे. (स्वल्पविराम सर म्हणतील, प्रकरण 'तिसरं' असतं. असू दे.)

तुझी,
प्रश्नपत्रिका

६ फेब्रुवारी

प्रिय प्रश्नपत्रिके,

पत्र मिळालं. सर्दी झाली आहे म्हणून थोडक्यात लिहितो. अध्यक्षांनी आवाज चढवला नाही हे खरं आहे.

तुझ्या सरांना शब्दांचं कळत असेल तर त्यांना एकदा विचार, की दोन शब्दांचा अर्थ एकच असेल तर भाषेत दोन शब्द असतात कशाला. मी आपलं सहज म्हणतोय. नावाची घाई करू नकोस.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. याला सर्दी वगैरे काही नाही. तुझं पत्र आल्यापासून हा एकाच झाडाला तीन-तीनदा पाणी घालतोय आणि काल मला भाजी कशी झाली विचारलं तर "नोंद घेतली" म्हणाला. तुम्हा दोघांत काय चाललंय ते मला कळत नाही, पण लवकर मिटवा. टोमॅटो सडतील.

१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

खरं सांगू? मला वाईट वाटलं. आधी विषय बदल म्हणालास, मग सर्दी, मग शब्दांचं कोडं. तुला वाटतंय की मला हे झेपणार नाही, आणि तुझ्या नगरपालिकेत मी नाक खुपसून तुझं नाव घालवीन. तसं असेल तर स्पष्ट सांग. आईसारखं गोल गोल बोलू नकोस, तिला ते शोभतं.

तरीही पहिल्या दोन प्रकरणांची प्रत सोबत पाठवतेय. तारखा तेवढ्या तपास. पहिल्या पानावर काय लिहिलंय तेही वाच. मी रागावले असले तरी ते बदललेलं नाही. 'ज्यांच्या काटेकोर आणि सत्यनिष्ठ लेखणीशिवाय हा अभ्यास झालाच नसता, त्या माझ्या मामास.'

तुझी
(आज नुसतीच) भाची

२२ फेब्रुवारी

प्रिय प्रश्नपत्रिके,

तुझ्या तारखा सगळ्या बरोबर आहेत. आकडेही. चूक आहे ती माझी आहे, आणि हे लिहिण्यापूर्वी मी पाच कागद फाडले. मामी म्हणाली, खाडाखोड न करणारा माणूस हाच का?

पहिलं म्हणजे, तुला झेपणार नाही असं माझ्या मनात कधीही आलं नाही. मी तुला टाळत होतो, कारण मला लाज वाटत होती.

अध्यक्षसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांना गरजच नव्हती. तास तास भांडण व्हायचं, टेबलं बडवली जायची. मग ते चष्मा काढायचे, एकेकाकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "काय मग, सगळ्यांना मान्य ना?" मघाशी बेंबीच्या देठापासून ओरडणारी माणसं स्वतःच्या चपलांकडे बघायला लागायची. कुणी उत्तर द्यायचं नाही. मग माझ्याकडे वळून, "लिहा, सर्वानुमते मंजूर." कुणी हट्टच धरला तर नावं पुकारून मतदान घ्यायचं. तसं एकतीस वेळा झालं, तुझा आकडा चोख आहे.

त्यांची दुसरीच सभा. नगरपालिकेच्या नव्या इमारतीचा ठराव. एकोणीस सदस्यांपैकी सात जण विरोधात बोलले. शाळामास्तरीण होत्या एक, त्या बोलता बोलता रडल्या. म्हणाल्या, जुन्या इमारतीला काय धाड भरलीय, आधी नळ द्या. मग चष्मा निघाला, सगळे गप्प, आणि मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. पुढचा विषय बसथांब्यावर छप्पर घालण्याचा. कुणी विचारायच्या आधीच एकोणीस हात वर. मास्तरीणबाईंचाही, डोळे पुसत पुसत. मला पुन्हा तोच शब्द लिहायचा होता, पण लिहवेना. दोन्ही ठराव एकाच शब्दात कसे लिहू? म्हणून मी लिहिलं, 'एकमताने मंजूर'. अध्यक्षांनी सही केली. त्यांना तो फरक दिसला नाही.

त्या दिवसापासून मी तसंच लिहीत गेलो. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांची अनुमती, आणि अनुमती माणूस कंटाळूनही देतो, घाबरूनही देतो. एकमत म्हणजे खरोखरच मत एक. जिथे मनापासून हात वर झाले तिथे 'एकमताने', जिथे चपलांकडे बघितलं गेलं तिथे 'सर्वानुमते'. खोटं लिहायचं नव्हतं आणि नोकरीही सोडायची नव्हती, म्हणून मी ही पळवाट काढली. आजवर कुणालाही सांगितलं नाही. मामीलाही नाही. काल सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू मला 'नोंद घेतली' म्हणतोस त्याचाही काहीतरी वेगळाच अर्थ असणार."

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात माझ्या काटेकोरपणावर भाषण झालं. ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता तू मला सत्यनिष्ठ लिहिलंस, आणि तुझा सगळा डोलारा माझ्या पळवाटेवर उभा. मी गप्प बसलो असतो तर कदाचित तुला पारितोषिक मिळालंही असतं, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवल्या असत्या. ते मला जमणार नाही. तुझी मेहनत मी पाण्यात घातली. मला माफ कर.

तुझा
मामा

१ मार्च

प्रिय मामा,

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. महिनाभर हातात राहिला असताना 'चूक माझी आहे'! तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला कळलं की तू माझ्या हातात काय दिलंयस, आणि मी ब्रश तोंडात तसाच ठेवून टेबलाकडे पळाले.

एका रकान्याचे दोन केले. एकमताने, चारशे दोन. सर्वानुमते, सातशे सात. मामा, सातशे सात वेळा ती माणसं चपलांकडे बघत बसली!

स्वल्पविराम सरांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी दोन्ही रकान्यांची बेरीज करून बघितली. मग म्हणाले, "तुझे मामा म्हणतात म्हणून ते खरं, याला संशोधन म्हणत नाहीत. मामा सगळ्यांनाच असतात." तेव्हा पुरावा शोधला. इथल्या जिल्हा वाचनालयात तुमच्या गावच्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली आहेत, त्यांचा वार्ताहर प्रत्येक सभेला हजर असायचा. चिठ्ठ्या टाकून तीस 'सर्वानुमते' आणि तीस 'एकमताने' ठराव काढले आणि त्या-त्या आठवड्याची बातमी वाचली. तीस 'सर्वानुमते'पैकी चोवीस ठिकाणी 'खडाजंगी', 'गदारोळ', 'सभात्याग'. तीस 'एकमताने'पैकी फक्त दोन ठिकाणी, आणि त्यातलं एक भांडण खुर्चीवरून होतं, ठरावावरून नव्हे. हे बघून सर दुसऱ्यांदा खुर्चीतून उठले.

म्हणजे तू खोटं लिहिलंच नव्हतंस. वाचणारेच आंधळे होते, त्यात मीही आले.

आता प्रबंध नव्याने लिहायचा. तीस दिवस आहेत. पण हे तुझ्या परवानगीशिवाय छापता येणार नाही. तुझं नाव घालणार नाही, 'तत्कालीन सभा-कारकून' एवढंच. पण गावात तो कोण हे शेंबडं पोरही सांगेल. अध्यक्षसाहेबांनाही कळेल. तू नको म्हणालास तर मी रस्त्यांच्या नावांवर लिहीन, आणि आयुष्यभर तुला ऐकवीन.

तुझी पुन्हा एकदा,
प्रश्नपत्रिका

७ मार्च

प्रिय प्रश्नपत्रिके,

लिही.

अध्यक्षसाहेबांच्या नावाने माझी अजून पाचावर धारण बसते, ते खरं आहे. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. मुलीच्या आजारपणात रजा दिली, बढतीला सही केली. आणि मी अकरा-बारा वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच सहीवर हे करत होतो. ते काय म्हणतील, कुणास ठाऊक. पण ते पुढचं पुढे. तू सगळं लिही, आणि पहिल्या पानावरचं 'सत्यनिष्ठ' काढ. 'काटेकोर' राहू दे, तेवढा मी आहे.

मामीने टोमॅटोचं काहीतरी बाटलीत भरून पाठवलं आहे. बाटली उभी ठेव.

मामा

१२ मे

प्रिय मामा,

मिळालं! मिळालं, मिळालं, मिळालं! तार करण्याची सोय राहिली असती तर तारच केली असती.

सगळं सविस्तर सांगते. सभागृह भरलेलं, पंखा एकच आणि तोही परीक्षकांवर. माझा प्रबंध आता 'अनुमती आणि मत' या नावाने होता. मी बोलायला उभी राहिले तर पहिल्या रांगेत अध्यक्षसाहेब! विभागाने मुलाखत दिलेल्या सगळ्यांना आमंत्रण पाठवलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. पण मग मी त्यांच्याकडे न बघता चारशे दोन आणि सातशे सात सांगून टाकले.

तीन परीक्षकांपैकी एक बाई शेवटपर्यंत हटल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, साठ ठरावांवरून अकराशे नऊ ठरावांबद्दल बोलणं धाडसाचं आहे. त्यांचं खोटं नाही, ते मी पुढच्या अभ्यासात दुरुस्त करणार आहे. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला, आणि तो त्यांनी तसाच जाहीर केला. स्वल्पविराम सरांनी मला मिठी मारली आणि लगेच म्हणाले, पान चाळीसवर एक स्वल्पविराम जास्त आहे.

एकच गोष्ट मनाला लागून राहिलीय. अध्यक्षसाहेबांनी प्रबंधाची प्रत मागून घेतली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता काठी टेकत निघून गेले. मामा, मी त्यांच्यासमोर बसून त्यांचा चहा प्यायले होते. ते तुझ्याकडे आले तर सगळं माझ्यावर ढकल.

तुझी पारितोषिकप्राप्त
प्रश्नपत्रिका

२० मे

प्रिय पारितोषिकप्राप्त प्रश्नपत्रिके,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, मामीने पुन्हा वाचायला लावलं, मग शेजाऱ्यांना बोलावून तिसऱ्यांदा. मला तुझा इतका अभिमान वाटतोय की तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. म्हणून लिहितोय.

ते आले. सोळा तारखेला, सकाळी. मी बागेत होतो. फाटकातूनच म्हणाले, "कारकूनसाहेब, बसू का?" माझ्या हातातली झारी सगळी माझ्याच पायावर रिकामी झाली.

मामीने चहा दिला. त्यांनी तुझा प्रबंध काढला. बरीच पानं दुमडलेली होती. मी म्हटलं, "साहेब, चूक सगळी माझी आहे, पोरीची नाही." ते म्हणाले, "चूक काढायला आलो नाही. विचारायला आलोय." आणि विचारायला लागले. नवी इमारत? मी म्हटलं, सर्वानुमते. मान डोलावली, म्हणाले, "तो अंदाज होता." बाग? सर्वानुमते. तळ्याचा कठडा? सर्वानुमते. प्रत्येक उत्तराला ते थोडे खचत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, बसथांब्याचं छप्पर एकमताने होतं साहेब. म्हणाले, "छप्पर माझं नव्हतंच, ती मास्तरणीची कल्पना."

मग त्यांनी प्रबंध मिटून मांडीवर ठेवला. शेवटी म्हणाले, "सातव्या वर्षी बायको इस्पितळात होती, मी तीन महिने आलो नाही. माझी खुर्ची रिकामी ठेवायची, दुसरा अध्यक्ष नेमायचा नाही, असा ठराव तुम्ही लोकांनी केलात. मी समजत होतो, उपाध्यक्षाने दटावून करून घेतला असेल. सगळ्यांना मी नको असताना. परत आलो ते त्याच समजुतीने, आणि मग आणखीच कडक झालो. त्या दिवशी काय लिहिलंय तुम्ही?"

प्रश्नपत्रिके, तो दिवस मला लख्ख आठवतो. ठराव मास्तरीणबाईंनीच मांडला. उपाध्यक्षांचं वाचून पूर्ण व्हायच्या आत हात वर झाले होते. सभागृहात धाक घालायला कुणी नव्हतंच. एकाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्याने डावा वर केला. सदस्यांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही. हे सगळं मी साहेबांना सांगितलं आणि म्हटलं, "एकमताने लिहिलंय."

"खात्री आहे?"

"साहेब, तो शब्द मी कधीच उगाच लिहिला नाही."

ते माझ्या ओट्यावर बसून रडले. मामी आत निघून गेली आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो. मग ते म्हणाले, "माझी बायको शेवटपर्यंत म्हणायची, तुम्हाला घाबरतात सगळे, जीव कुणी लावत नाही. आणि मी ते खरं धरून बसलो."

आता तुझं काम. सातव्या वर्षाचं रजिस्टर, ऑगस्टची सभा, दुसरा विषय. त्या पानाची एक प्रत काढून ताबडतोब पाठव. साधी चालेल, फक्त अक्षर मोठं निघालं पाहिजे, त्यांची नजर आता फार काम देत नाही. घाई कर. तुझ्याकडून ते पान मागवतो एवढं मी म्हटलं, तेव्हापासून गेले चार दिवस ते रोज सकाळी काठी टेकत येतात आणि माझ्या फाटकाशी उभे राहून टपालवाल्याची वाट बघतात.

तुझा
मामा